विष्णुदास भावे

विष्णू अमृत भावे, म्हणजेच विष्णुदास भावे (सु. १८१९ – ९ ऑगस्ट १९०१), हे आधुनिक मराठी रंगभूमीचे आद्य प्रवर्तक, नाट्यकवी, सूत्रधार, नाट्यशिक्षक आणि नाटक मंडळीचे चालक होते. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून त्यांनी रचलेल्या ‘सीता स्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे झाला. या घटनेपासून मराठी रंगभूमीच्या सलग इतिहासाचा आरंभ मानला जातो आणि ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. भावे यांनी पुढे स्वतःची नाटक मंडळी घेऊन महाराष्ट्रात दौरे केले, मुंबईत तिकीट लावून मराठी नाटकाचे प्रयोग केले आणि हिंदी भाषेतही नाटक सादर केले. रामायण, महाभारत व पुराणे यांतील कथांवर त्यांनी पन्नासहून अधिक नाट्याख्याने रचली.

भावे यांच्या काळी नाटकाला सर्रास ‘खेळ’ म्हटले जाई. त्यांच्या प्रयोगांना हा शब्द सर्वार्थाने लागू पडतो. छापील संहिता, पाठ केलेली भाषणे किंवा कायमचे नाट्यगृह यांपैकी काहीही हाताशी नसताना सूत्रधार, नट, वादक आणि प्रेक्षक यांच्या परस्पर सहभागातून त्यांचे नाटक प्रत्येक रात्री नव्याने उभे राहत असे.

जन्म व बालपण

विष्णू भावे यांचा जन्म सांगलीच्या पटवर्धन संस्थानाच्या सेवेत असलेल्या एका ब्राह्मण कुटुंबात झाला. पेशवाईचा अस्त १८१८ साली झाला, त्या सुमाराचा हा काळ होय. पुण्याचा दरबार संपुष्टात आल्यानंतर गवई, शाहीर, कीर्तनकार, चित्रकार आणि कारागीर यांना दक्षिण महाराष्ट्रातील लहान-मोठ्या संस्थानांचाच आश्रय उरला होता. सांगलीचे संस्थान त्यांपैकी एक होते.

लहानपणी विष्णूचे मन पाठांतरापेक्षा हस्तकौशल्यात अधिक रमत असे. मातीची चित्रे करणे, लाकडाच्या बाहुल्या घडविणे, गोष्टी रचून सांगणे आणि कविता करणे यांची त्यास आवड होती. पुराण-कीर्तनांच्या श्रवणातून रामायण-महाभारतातील कथा त्याला अवगत झाल्या. कारागिराचा हात आणि कथेकऱ्याची जीभ हे दोन गुण एकाच व्यक्तीच्या ठिकाणी असणे ही पुढे नाट्यव्यवसायात मोलाची गोष्ट ठरली. कारण प्रारंभीच्या काळात नाटकासाठी लागणारे मुखवटे, आयुधे, पोशाख आणि पदे या सर्वांची जुळवाजुळव त्यांनाच करावी लागली.

सांगलीचा दरबार व भागवत मंडळी

चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी मिरजेच्या मूळ जहागिरीतून वेगळे होऊन सांगली ही आपली राजधानी केली होती. गणपती हे पटवर्धनांचे आराध्य दैवत. अप्पासाहेब कलांचे रसिक व चोखंदळ आश्रयदाते होते. १८४२ साली उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिने दरबारात आपले खेळ करून दाखविले. हे खेळ कर्नाटकातील यक्षगान परंपरेतील होते. भागवत म्हणजे मुख्य गायक. तो पदे म्हणत असे आणि वेषधारी पात्रे त्या पदांच्या आधारे नाचत, बोलत व अभिनय करीत असत.

हा प्रकार अप्पासाहेबांना आवडला. मात्र त्यातील नाच, आरडाओरडा आणि काहीसा ओबडधोबडपणा त्यांना रुचला नाही. शिवाय खेळाची भाषा कानडी होती. अशाच प्रकारचे, परंतु अधिक नेटके खेळ मराठीत व्हावेत अशी इच्छा त्यांना झाली आणि हे काम त्यांनी तरुण विष्णू भावे यांच्यावर सोपविले. भावे यांचे वय त्या वेळी सुमारे तेवीस-चोवीस वर्षांचे होते. त्यांच्यासमोर मराठी नाट्यप्रयोगाचा कोणताही प्रचलित नमुना नव्हता. कीर्तन, लळीत, दशावतार, गोंधळ, तमाशा हे प्रकार महाराष्ट्रात होते. परंतु एका कथानकाचा आरंभापासून शेवटापर्यंत, सभ्य स्त्री-पुरुषांच्या सभेत, निश्चित रचनेने होणारा प्रयोग त्यांना स्वतःच घडवावा लागला.

सीता स्वयंवर

वर्षभराच्या तयारीनंतर ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग झाला. पदांची रचना, पात्रांची निवड, तालीम आणि प्रयोगाची एकूण आखणी भावे यांची होती. वेश आणि साहित्य यांसाठी संस्थानाचे साहाय्य लाभले. स्त्रियांची कामे तत्कालीन प्रथेप्रमाणे मुलांनी केली.

प्रयोग राजेसाहेबांना पसंत पडला आणि रामकथेतील पुढील प्रसंगांवरही नाट्याख्याने रचण्याचे काम भावे यांच्याकडे आले. नाटकात काम करणे त्या काळी प्रतिष्ठेचे समजले जात नव्हते. तोंडाला रंग लावून सोंग घेणे हा ब्राह्मण गृहस्थाला न शोभणारा उद्योग आहे, अशी समजूत दृढ होती. पुरुषाने स्त्रीवेष घेणे तर अधिकच आक्षेपार्ह मानले जाई. राजाची आज्ञा आणि राजाचा आश्रय हीच या नटवर्गाची ढाल होती. ती असेपर्यंत लोकापवादाची झळ त्यांना मर्यादित प्रमाणात लागली.

प्रयोगाचे स्वरूप

भावे यांच्या नाटकाचा घाट ठरलेला होता. रात्री पडद्यापुढे सूत्रधार आपल्या साथीदारांसह उभा राही. मृदंग, झांजा आणि तंबोरा यांच्या साथीवर मंगलाचरणाची पदे होत. त्यानंतर अंगाला झाडपाला बांधलेला, वनचराच्या वेषातील विदूषक उड्या मारीत प्रवेश करी. सूत्रधार आणि विदूषक यांच्यात विनोदी प्रश्नोत्तरे होत. आपण कोण, येथे कशासाठी जमलो, आज कोणते आख्यान होणार, ही माहिती या संवादातूनच प्रेक्षकांना मिळे. विदूषकाला बुद्धिपुरस्सर अडाणी ठेवलेले असे. त्याने वेडगळ शंका काढायची आणि सूत्रधाराने ती फेडायची, या पद्धतीमुळे लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना कथेत शिरण्याची वाट मोकळी होई.

यानंतर गणपतीचे स्तवन होऊन गणपतीचे सोंग प्रवेश करी आणि विघ्ननाशाचा वर देई. मग मोरावर आरूढ झालेली सरस्वती येऊन नृत्य करी. तिचा आशीर्वाद मिळाल्यानंतर मूळ आख्यानास प्रारंभ होत असे. आख्यानातील सर्व पदे सूत्रधारच म्हणत असे. पात्रांनी त्या पदांच्या आशयाप्रमाणे अभिनय करावा आणि पद संपल्यावर आपले भाषण करावे, अशी योजना होती.

ही भाषणे लिहून दिलेली नसत. आख्यानाचा क्रम, प्रसंगाचा गाभा आणि पात्राचा स्वभाव नटाला समजावून दिला जाई. त्यापुढे शब्द त्याने स्वतःच्या बुद्धीने योजावयाचे. समोरच्या नटाने कोणते उत्तर दिले, प्रेक्षक कशावर हसले, कोठे कंटाळले, हे पाहून भाषण लांबविणे वा आवरणे हे नटाच्या हाती असे. त्यामुळे एकाच आख्यानाचे दोन प्रयोग कधीही तंतोतंत सारखे होत नसत. या मोकळीकीत जोखीमही होती. हजरजबाबी नट प्रसंग रंगवीत असे, तर अडखळणाऱ्या नटाला सावरून घेण्याची जबाबदारी सूत्रधार आणि विदूषक यांच्यावर येई. विदूषक द्वारपाल, सेवक अशी पडतील ती कामे करीत नाटकभर रंगभूमीवर वावरत असल्यामुळे तो या दृष्टीने मंडळीचा मोठा आधार होता.

मंडळीत नटांची विभागणी भूमिकांच्या प्रकारांनुसार होत असे. देवपार्टी, राक्षसपार्टी, ऋषिपार्टी आणि स्त्रीपार्टी असे शब्द त्यासाठी रूढ झाले. यांपैकी राक्षसपार्टीचे प्रवेश सर्वाधिक लोकप्रिय होते. राळेचा भपकारा उडवून, हातात नंगी तलवार परजीत आणि ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत राक्षस प्रवेश करी, तेव्हा पुढे बसलेली मुले घाबरून मागे सरकत. या आरोळीवरूनच पौराणिक नाटकांच्या या प्रकाराला पुढे ‘अललडुर्र नाटके’ असे नाव पडले. विजेचे दिवे नसलेल्या काळात राळेचा क्षणिक उजेड, त्यानंतरचा अंधार, धुराचा वास आणि आरोळी यांचा एकत्रित परिणाम डोळे, कान व नाक या तिन्हींवर होत असे. प्रेक्षक हा दूर बसून पाहणारा साक्षीदार न राहता प्रसंगाच्या आतच ओढला जाई.

सामूहिक निर्मिती

भावे यांना केवळ नाटककार म्हणणे अपुरे ठरते. आजच्या अर्थाने संपूर्ण नाटक त्यांनी लिहिलेले नसे. पदे त्यांची, तर गद्य भाषणे नटांची असत. नाट्यकवी, दिग्दर्शक, मुख्य गायक, कारागीर आणि व्यवस्थापक या भूमिका त्यांनी एकाच वेळी पार पाडल्या. परंतु प्रयोगाचे कर्तृत्व मंडळीत विभागलेले होते. सूत्रधार हा खऱ्या अर्थाने सूत्रे धरणारा होता. पदाची लय वाढवून तो प्रसंगाला वेग देई, विदूषकाला छेडून वातावरण हलके करी आणि पुढचे पद सुरू करून लांबलेले भाषण थांबवी.

या पद्धतीमुळे नटांचे मोठे शिक्षण झाले. लिहिता-वाचता न येणारा मनुष्यही उत्तम नट होऊ शकला. रामायण-महाभारतातील व्यक्ती कशा बोलतील याचा विचार प्रत्येकाला स्वतः करावा लागला. पुढील काळात निघालेल्या अनेक मंडळ्यांना अनुभवी नट व सूत्रधार लाभले, ते याच घडणीतून.

राजाश्रयाचा अंत

चिंतामणराव अप्पासाहेब यांचे १८५१ साली निधन झाले. नाटकाचा खेळ हा त्यांच्या व्यक्तिगत आवडीचा विषय होता. त्यांच्या पश्चात संस्थानाच्या कारभारात त्याला पूर्वीचे स्थान राहिले नाही. भावे यांच्यापुढे बिकट प्रश्न उभा राहिला. आठ वर्षे खपून तयार केलेला नटसंच, पोशाख आणि आख्याने यांचे काय करावयाचे? नाटक बंद केले तर त्यावर अवलंबून असलेल्या मंडळींचा चरितार्थ थांबणार, आणि चालू ठेवावे तर त्याचा खर्च कोणी उचलावयाचा?

भावे यांनी मंडळी घेऊन सांगलीबाहेर पडण्याचा निर्णय घेतला. मराठी नाटकाच्या इतिहासात ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसाइतकेच महत्त्व या निर्णयाला आहे. राजवाड्यात निमंत्रितांसमोर होणारा खेळ आता गावोगावच्या लोकांसमोर होऊ लागला आणि राजाच्या मर्जीऐवजी प्रेक्षकांच्या पसंतीवर मंडळीचे पोट अवलंबून राहिले. प्रवास बैलगाड्यांनी करावा लागे. पोशाखांचे पेटारे, आयुधे, वाद्ये आणि माणसे घेऊन एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी जाणे खर्चाचे व कष्टाचे होते. मुक्कामी पोचल्यावर एखाद्या वाड्याचा चौक किंवा मांडव पाहून तेथे रंगस्थळ उभारावे लागे. प्रत्येक ठिकाणी जागेचा आकार, प्रेक्षकांची बैठक आणि उजेडाची सोय वेगळी असे. खेळही त्यानुसार जुळवून घ्यावा लागे.

मुंबईतील प्रयोग

कोल्हापूर, पुणे इत्यादी ठिकाणी खेळ केल्यानंतर १८५३ साली भावे यांची मंडळी मुंबईस आली. मुंबई त्या वेळी वेगाने वाढत होती. भारतातील पहिली प्रवासी आगगाडी याच वर्षी १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली. त्याच्या सुमारे पाच आठवडे आधी, ९ मार्च १८५३ रोजी, ग्रँट रोडवरील नाट्यगृहात भावे यांच्या मंडळीचा प्रयोग झाला. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे नाट्यगृह प्रामुख्याने इंग्रजी नाटकांसाठी वापरले जाई. मराठी नाटक तेथे तिकीट लावून होणे ही नवी घटना होती. इंग्रजी वृत्तपत्रांतून या खेळांच्या जाहिराती प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत मंडळीचा उल्लेख हिंदू ड्रॅमॅटिक कोअर असा करण्यात आला.

वाड्याच्या चौकातून चौकटीच्या रंगमंचावर आल्यामुळे प्रयोगात बदल होणे अपरिहार्य होते. रंगविलेले पडदे, उंच रंगमंच, दरानुसार विभागलेली आसने आणि ठरलेल्या वेळी आरंभ या गोष्टींचा परिचय मराठी नटवर्गाला येथे झाला. इंग्रजी पद्धतीच्या नेपथ्याचा प्रभाव पुढील मराठी नाटकांवर पडला, त्याची सुरुवात या मुक्कामांपासून झाली.

मुंबईत मराठी भाषकांबरोबरच गुजराती, पारशी, युरोपीय असा संमिश्र प्रेक्षक होता. त्याला समजेल अशा भाषेत खेळ करावा या हेतूने भावे यांनी राजा गोपीचंदाच्या कथेवर हिंदी नाटक रचले आणि ते १८५३ सालीच मुंबईत सादर केले. या उपक्रमात त्यांना डॉ. भाऊ दाजी लाड यांचे प्रोत्साहन लाभले. हिंदी रंगभूमीच्या इतिहासातही या प्रयोगाची नोंद आरंभीच्या प्रयोगांपैकी एक म्हणून घेतली जाते. याच वर्षी ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पारशी मंडळींनीही आपल्या नाटकांस प्रारंभ केला. पारशी, गुजराती आणि मराठी रंगभूमी अशा प्रकारे एकाच वास्तूत परस्परांना पाहत वाढू लागल्या.

इतर नाटक मंडळ्या

भावे यांच्या यशामुळे दक्षिण महाराष्ट्रात आणि पुणे-मुंबईत अनेक मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर नाटक मंडळी, अळतेकर मंडळी आणि कोल्हापूरकर मंडळी या त्यांपैकी होत. गावाच्या नावावरून मंडळीचे नाव ठेवण्याची प्रथा येथूनच पडली. सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती आणि आख्यान हा भावे यांनी बसविलेला क्रम या सर्वांनी थोड्याफार फरकाने स्वीकारला.

स्पर्धेचा परिणाम दुहेरी झाला. नाटक खेड्यापाड्यांपर्यंत पोचले आणि शेकडो लोकांना त्यात रोजगार मिळाला. दुसरीकडे, प्रेक्षक खेचण्यासाठी राक्षसांचा धुडगूस, तलवारबाजी आणि विदूषकाचा थिल्लरपणा वाढत गेला. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या नव्या पिढीला हे खेळ बाळबोध वाटू लागले. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे १८६१ साली प्रसिद्ध झालेले नाटक संपूर्णपणे लिहिलेल्या संवादांचे होते. त्यापूर्वी १८५५ साली जोतीराव फुले यांनी लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक सामाजिक शोषणाचा विषय हाताळणारे होते. मात्र दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही. मराठी नाटक पौराणिक आख्यानाच्या चौकटीबाहेर पडू लागल्याची ही चिन्हे होती.

निवृत्ती व ग्रंथलेखन

१८६० नंतरच्या काही वर्षांत भावे यांनी दौऱ्यांतून अंग काढून घेतले आणि ते सांगलीस स्थिरावले. सुमारे वीस वर्षांच्या नाट्यव्यवसायात त्यांना कीर्ती मिळाली, परंतु त्या मानाने द्रव्य हाती लागले नाही. त्यांच्या रचना मंडळ्यांच्या तोंडी पसरल्या होत्या आणि अनेक ठिकाणी त्यांत फेरफार झाले होते. १८८५ साली त्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध झाला. त्यांची नाट्याख्याने त्यात एकत्रित झाली. संग्रहाच्या आरंभी भावे यांनी आपल्या नाट्यव्यवसायाची हकीकत दिली आहे. मराठी रंगभूमीच्या आरंभकाळाच्या अभ्यासासाठी ती महत्त्वाची मानली जाते.

या संग्रहात प्रामुख्याने पदे आहेत, कारण गद्य भाषणे कधी लिहिलीच गेली नव्हती. त्यामुळे भावे यांच्या नाटकाचा जो अर्धा भाग प्रेक्षकांना सर्वाधिक आवडत होता, तो त्या त्या रात्रीबरोबरच संपला. मुद्रित पदे वाचून त्यांच्या प्रयोगाचा अंदाज करणे हे केवळ बंदिश वाचून मैफिलीची कल्पना करण्यासारखे आहे.

भावे निवृत्त झाल्यानंतर सुमारे दोन दशकांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाचा प्रयोग पुणे येथे झाला. त्यात पात्रे स्वतःच गाऊ लागली आणि पदे म्हणण्याचा सूत्रधाराचा एकाधिकार संपला. आपण घालून दिलेली पद्धत मागे पडून तिच्या जागी संगीत नाटकाचे युग सुरू झालेले भावे यांना हयातीतच पाहावयास मिळाले. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

कळसूत्री बाहुल्या

बालपणीचा बाहुल्या घडविण्याचा छंद भावे यांनी सोडला नाही. त्यांनी सीता स्वयंवराच्या कथेतील पात्रांच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या तयार केल्या. जिवंत नटांच्या नाटकाची सूत्रे हलविणाऱ्या या कलावंताने प्रत्यक्ष दोऱ्यांनी हलणारे नटही घडवावेत, हे त्यांच्या वृत्तीस धरूनच होते. भावे यांच्या पश्चात हा संच टिकून राहिला. विसाव्या शतकात शब्दभ्रमकार व बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी या बाहुल्यांची दुरुस्ती करून त्यांना पुन्हा रंगमंचावर आणले. भावे यांच्या प्रयोगांचे आवाज आणि शब्द नाहीसे झाले असले, तरी त्यांच्या हातांनी घडविलेल्या या वस्तूंतून त्यांच्या कारागिरीचा प्रत्यय येतो.

लोकनाट्याशी नाते

भावे यांच्या नाटकाची रचना महाराष्ट्र व लगतच्या प्रदेशांतील विधिनाट्यांशी जवळीक साधणारी आहे. यक्षगानातील भागवत आणि भावे यांचा सूत्रधार यांचे कार्य सारखेच आहे. कोकणातील दशावतारी खेळांतही आरंभी गणपती आणि सरस्वती येतात व त्यानंतर संकासुराचा प्रवेश होतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत, तसेच लगतच्या नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात होणारा बोहाडा हेही याच वर्गातील नाट्य होय. बोहाड्यात देव-दानवांचे मोठे रंगीत मुखवटे धारण करून सोंगे नाचविली जातात. संबळ आणि सनई यांच्या तालावर मशालींच्या उजेडात गणपती व शारदा यांची सोंगे प्रथम येतात, रात्रभर पुराणकथांतील पात्रे येत राहतात आणि देवीने दैत्याचा संहार केल्यावर उत्सवाची सांगता होते. मुखवटे नाचविण्याचा मान गावातील घराण्यांकडे परंपरेने चालत येतो. पाहणारा आणि नाचणारा हे एकाच गावाचे असल्यामुळे नट व प्रेक्षक यांच्यातील रेषा तेथे पुसट असते.

आरंभीचे गणपती-सरस्वती, वाद्यांचा गजर, अग्नीचा उजेड, देव-दैत्यांचा संघर्ष आणि लिखित संवादांचा अभाव ही लक्षणे या सर्व प्रकारांत समान आहेत. फरक प्रयोजनाचा आहे. बोहाडा, दशावतार इत्यादी खेळ देवकार्य म्हणून गावाच्या उत्सवाशी बांधलेले असतात. भावे यांनी हाच घाट उत्सवापासून सोडवून घेतला आणि कोणत्याही दिवशी, कोणत्याही गावी, मोबदला घेऊन करता येईल असा खेळ सिद्ध केला. व्यावसायिक रंगभूमीचा पाया या बदलाने घातला गेला.

आद्यत्वाचा प्रश्न

‘सीता स्वयंवर’ हे पहिले मराठी नाटक आहे काय, याविषयी अभ्यासकांत चर्चा झालेली आहे. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठीत नाटके लिहिली होती; ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांपैकी एक होय. रचनेच्या कालक्रमाने ही नाटके भावे यांच्या आधीची ठरतात. परंतु ती तंजावरच्या दरबारापुरती मर्यादित राहिली आणि महाराष्ट्रातील नाट्यपरंपरेशी त्यांचा धागा जुळला नाही. भावे यांच्या प्रयोगापासून मात्र नटांची, मंडळ्यांची आणि प्रेक्षकांची अखंड साखळी सुरू झाली. त्यामुळे पहिले नाटककार हा मान वादग्रस्त मानला, तरी मराठी रंगभूमीचे जनक हे त्यांचे स्थान सामान्यतः मान्य झालेले आहे.

मूल्यमापन

भावे यांच्या नाट्याख्यानांत वाङ्मयीन गुण बेताचेच आहेत. पदांवर कीर्तन व आख्यानकाव्य यांची छाया आहे, व्यक्तिचित्रण ठोकळेबाज आहे आणि समकालीन जीवनाचे प्रतिबिंब त्यात जवळजवळ नाही. स्त्री-कलावंतांना त्यांच्या रंगभूमीवर स्थान नव्हते. कथानकाची गुंफण, संवादाचे सौष्ठव आणि भावनांची सूक्ष्मता यांसाठी मराठी नाटकाला किर्लोस्कर, गोविंद बल्लाळ देवल आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची वाट पाहावी लागली.

तथापि त्यांचे कार्य ग्रंथापेक्षा प्रयोगाच्या निकषावर तपासणे अधिक न्याय्य आहे. नटांचा संच बांधणे, त्यांना तालीम देणे, दौरे आखणे, तिकीट लावणे, जाहिरात करणे, प्रेक्षकांच्या भाषेनुसार खेळ बदलणे, या सर्व गोष्टी त्यांनी पूर्वपरंपरेच्या आधाराशिवाय केल्या. आश्रयदाता गेल्यावर कला संपू न देता तिला लोकांच्या आश्रयावर उभे केले. नटाच्या उत्स्फूर्ततेवर त्यांनी टाकलेला विश्वास हा पुढील बंदिस्त संहितेच्या काळात मागे पडला. परंतु तमाशातील बतावणी आणि दशावतारातील आयत्या वेळची भाषणे यांतून ती परंपरा महाराष्ट्रात चालू राहिली.

स्मृती व सन्मान

‘सीता स्वयंवर’च्या प्रयोगास शंभर वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १९४३ साली सांगली येथे मराठी रंगभूमीचा शताब्दी महोत्सव भरला. त्याचे अध्यक्षपद विनायक दामोदर सावरकर यांनी भूषविले. सांगली येथील नाट्यमंदिरास आणि नवी मुंबईतील वाशी येथील नाट्यगृहास विष्णुदास भावे यांचे नाव देण्यात आले आहे. अखिल महाराष्ट्र नाट्यविद्यामंदिर समितीतर्फे रंगभूमीची प्रदीर्घ सेवा करणाऱ्या कलावंतास विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. मराठी रंगभूमी दिनी सांगलीत त्याचे वितरण होते. बालगंधर्व, केशवराव दाते आदी नामवंत या पदकाचे मानकरी आहेत. मराठी नाटकाच्या प्रारंभी आजही नांदी होते, रंगमंचाची पूजा होते आणि गणेशाचे स्मरण केले जाते. सांगलीच्या राजवाड्यात सुरू झालेल्या क्रमाचा तो शिल्लक राहिलेला अंश आहे.